घरचा माणूसही चढणार नाही

अमरावती,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८९

राजमान्य राजश्री खुशालराव व्याही यांस,

महादेवरावाचा रामराम. इकडे सगळे धडधाकट आहेत, तुमच्याकडेही तसेच असावेत. जावईबापूंना विचारलं म्हणून सांगावं. कौशल्येला आशीर्वाद.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण डोकं ठिकाणावर नाही. अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचे भाव उतरले, ते समजू शकतो. पण रेल्वेचं काय? आमच्या बडनेऱ्याच्या ठेसनाहून मुंबईला कापूस धाडायचा तर दर चढा, आणि तुमच्या अकोल्याहून उतरता! तुम्ही मुंबईला थोडे जवळ, हे मान्य. तेवढ्या मैलांचाच फरक असता तर तोंड मिटून दिला असता. फरक त्याच्या तिप्पट आहे. ठेसनावरच्या साहेबाला विचारलं तर म्हणतो, अकोल्याचे लोक अजून बैलगाड्यांनी माल नेतात, त्यांना वळवायला दर उतरवावा लागतो. म्हणजे ज्याला दुसरी वाट आहे त्याला सवलत, आणि ज्याला नाही त्याला दंड. खरेदीदार तरी हा भुर्दंड कुठे सोसतो? तो आमच्या भावातून कापून घेतो.

दर सारखा करावा म्हणून आम्ही रेल्वेकडे केलेल्या अर्जावर तुमची सही मागितली होती. "आमची काही तक्रार नाही," असं तुम्ही कळवलंत. नसणारच! व्याही आहात म्हणून एवढ्यावर थांबतो.

आता तुमचा प्रश्न, कौशल्येला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला केव्हा येता? मागच्या पत्रात मी मुहूर्त नसल्याचं लिहिलं होतं. मुहूर्त होता.

तुमची सुईण पार्बताबाई म्हणते, पोर अवघडली आहे, बैलगाडीचे हादरे तिला सोसायचे नाहीत, रेल्वेनेच न्या. खरंच आहे तिचं. पण दिवाळीनंतर आम्ही सगळे कापूसवाले अंबादेवीसमोर जमलो होतो. दर सारखा होईपर्यंत घरचा कापूस रेल्वेवर चढवायचा नाही, अशी मुठीत कापूस धरून शपथ घ्यायची ठरली. पहिली मूठ माझी. शपथ तेवढीच होती, पण मला चेव आला आणि मी पदरचं जोडलं, "कापूसच नाही, माह्या घरचा मानूसबी चढनार नाही!" लोकांनी वाहवा केली आणि माझ्यामागून सगळ्यांनी तेच म्हटलं. त्या वेळी पोरीची आठवण मला झाली नाही. लिहिताना लाज वाटते.

माझ्या शेजारी उभं राहून शपथ घेतलेल्या नत्थुजींनी काल तोड काढली. म्हणाले, "पोरगी तुमी दान देल्ली ना? मंग ते खुशालरावाच्या घरची झाली. तुमची शपथ तिले कावून लागन? त्यायलेच म्हना रेल्वेत बसवून द्या. तुमी बडनेऱ्याले ठेसनाबाहीर बैलगाडी घेऊन उभे राहा."

मला पटलं. तसं पत्र लिहून कौशल्येच्या आईला, गोदाबाईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "धाडा. पोरगी आपल्या घरची नाही असं लिवलं, ते बरं केलं. मंग तिचं बाळंतपन आपन काहून करून राहिलो, तेबी त्यायले लिवा."

ते पत्र मी तिच्याच चुलीत घातलं.

खुशालराव, कौशल्या माझ्या घरची आहे. उद्या कापूस बाजारात सगळ्यांसमोर शपथ मोडतो आणि परवा रेल्वेत बसून तिला न्यायला येतो. देवीला काय सांगायचं ते माझं मी पाहीन. पण बाजाराला काय सांगू? पहिली मूठ सुटली की बाकीच्याही सुटतील. मग बडनेऱ्याला पुन्हा कापसाच्या गाड्यांची रीघ लागेल आणि दर आहे तिथेच राहील. साहेब हसेल. तुमच्या अकोल्यातही हसतील, खुशाल हसू द्या. मी रेल्वेने आलो म्हणून दर न्यायाचा ठरत नाही. तुमच्या ओसरीवर बसून हेच बोलणार आहे, आणि तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

पोरीला मात्र यातलं अक्षर कळू देऊ नका. आपल्यापायी बापाची मान खाली गेली, असं या दिवसांत तिच्या मनात यायला नको.

कौशल्येचा बाप,
महादेवराव