आमच्या विहिरीवर पाटलांची घागर

हिंगणघाटजवळून, मे १९५८

ती. रामाजी भाऊजींस प्रेमदासचा मनापासून जयभीम.

तुम्ही, ताई आणि लेकरे ठीक असाल असे धरून चालतो. आम्ही जिवंत आहोत. सध्या या गावात एवढे लिहिता येणे हीच खुशाली. माझे दोन्ही दंड भरून आले आहेत, म्हणून अक्षर वाकडे आहे (एरवीही फार सरळ नसते).

त्याचे असे झाले. दौलतराव पाटलांचा धाकटा भाऊ चंद्रभान एका लग्नाहून पटकीचा रोग घेऊन आला. त्याची धोतरे गावाच्या मोठ्या विहिरीच्या ओट्यावर धुतली. ओट्याला भेग, धुण्याचे पाणी विहिरीत आणि विहिरीतले सगळ्या गावाच्या पोटात. दोन माणसे गेली. चंद्रभानला बैलगाडीत घालून हिंगणघाटला नेले, नसेतून मीठपाणी चढवले, म्हणून वाचला. लस टोचणारे, टोचणीवाले साहेब विहिरीत लाल औषध टाकायला आले तर पाटील आडवे झाले, म्हणे आमची विहीर बाटते (हा शब्द आपण फार ऐकला आहे). साहेब दमून आमच्या वस्तीत आले. आम्ही म्हटले, आमच्या विहिरीत टाका. पाणी जांभळे झाले, चव गंजलेल्या खिळ्याची, पण आमच्याकडे कोणी आजारी पडले नाही.

मग एका दुपारी दौलतराव स्वतः घागर घेऊन आले आणि लांब उभे राहिले. "प्रेमदास, जरा पानी टाकून देजो." मोठ्या विहिरीच्या ओट्याखाली माझी आई अशीच ताटकळायची, कोणी ओतले तर ओतले. 'नाही' अगदी जिभेवर आले होते. मागून आमची कारभारीण अन्नपूर्णा म्हणाली, "द्या त्यायले. पन उकळून प्या म्हना, नाईतर देल्लं वाया जाईन."

मागोमाग सगळा गाव आला. आमचे पाणी चालते, आमच्या दोराला हात लावणे चालत नाही (हे गणित मला अजून सुटलेले नाही). म्हणून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मीच उपसतो, मीच ओततो, आणि घागरीगणिक सांगतो: उकळून प्या, टोचून घ्या, राखेने हात धुवा, रोग्याचे कपडे विहिरीपाशी आणू नका. झोपेतही सांगतो म्हणे. साहेब परत आले तेव्हा खूश झाले. एकच बादली, कोणाची घागर विहिरीत बुडत नाही, आदर्श व्यवस्था, म्हणाले. तिचे कारण सांगण्याइतके त्राण माझ्यात नव्हते.

आता नवा रोगी नाही. पाटलांनी मोठ्या विहिरीत औषध टाकू दिले, भेगही बुजवली. तरी काल घागर घेऊन आमच्याकडेच. काऊन, म्हणून विचारले. "तुह्या पान्याची सवय झाली," म्हणाले, आणि माझ्या हातातला दोर घेऊन स्वतःच ओढू लागले. मला लिंबाखाली बसायला मिळाले.

तुमचा,
प्रेमदास

ता. क. ताईचे पत्र मिळाले. टोचणीवाला दिसताच तुम्ही कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसलात आणि 'पाणी कडू होते' म्हणून विहिरीत औषध टाकू दिले नाही, असे कळले. पाटलांचे मी समजू शकतो. तुम्ही, भाऊजी?

आणखी ता. क. लेकरांना ताईने तुमच्या नकळत टोचून आणले आहे. कोणी रडले नाही. राहिलात तुम्ही एकटे. तेव्हा हे पत्र मिळताच जा. धाकटी तुमचा हात धरायला सोबत येते म्हणाली आहे.