सोरा झेलिंदाचे कंद

१२ मे
पोचले एकदाची. तळ्याच्या काठाने जिनेस्त्राच्या झुडपांनी नुसता पिवळा जाळ उठवलाय. वन खात्याला पाट्यांसाठी इथल्या झाडाफुलांची चित्रं हवी आहेत. दिवसभर रानात भटकायचं आणि रंगवायचं, याहून बरी नोकरी कुठली! घरमालकीण झेलिंदा, सगळं गाव तिला सोरा, म्हणजे बाई, म्हणतं. माझी ट्रंक उचलता उचलताच तिने बजावलं, की पोरी, अंगावर मूठभर मांस नाही तुझ्या, चित्रं नंतर काढ, आधी जेव. तिचा नवरा एवारिस्तो वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलाय. त्याला माणसं सोसत नाहीत, तेव्हा जिना चढायचा नाही. जेवायला कंदांचं दाट सूप होतं. घशाला जराशी खाज सुटली, पण चव अशी की वाटी पावाने पुसून खाल्ली.

१९ मे
सकाळी बीच वृक्षांच्या रानात गेले. कोवळ्या पानांतून ऊनही हिरवं होऊन उतरत होतं. चेस्टनटच्या बुंध्यांशी जांभळी ऑर्किडं. परतले तर कुंपणाशी सापकांदे उमललेले. देठावर सापासारखे ठिपके, फूल कच्च्या काळजाच्या रंगाचं, मधोमध काळा लांब दांडा. आणि वास उन्हात विसरलेल्या मांसाचा. माश्या आत घुसत होत्या. रंगवताना दोनदा ओकारी आली. सोरा दारातून हसली. म्हणाली, मी एवारिस्तोला चाळीस वर्षं हुंगलंय, तू एका फुलाचं काय घेऊन बसलीस.

२८ मे
क्विरीनो कोळी मासे घेऊन आला होता. सोराकडेच जेवतेस का, असं त्याने विचारलं आणि हळूच वरच्या खिडकीकडे पाहिलं. गेल्या पानगळीत, चेस्टनट वेचायच्या दिवसांपासून म्हणे एवारिस्तो कुणाच्या दृष्टीस पडलेला नाही. दारूच्या वासाने झोपेतून उठणारा माणूस, परवा मी खिडकीखाली बाटली उघडली तर साधा खोकलाही नाही, म्हणाला.

३ जून
सापकांदे सुकले. हे फूल एखाददोन दिवसच घाण मारतं, मग वास जातो. इथला गेलेला नाही. जिन्यावरून खाली येतोय. उशीला, केसांना, पावाला तोच. आज छताच्या फटीतून एक अळी ताटात पडली. मी ती बाजूला केली आणि जेवले. का जेवले?

५ जून
सोरा बाजारात गेली. वर गेले.
गादी नाही. पलंगभर माती. मातीत एवारिस्तो, जेवढा उरलाय तेवढा. बरगड्यांतून सापकांद्याचे जाड, ठिपकेदार देठ. पोटाच्या जागी उकरलेला खळगा आणि त्यात कंद, टपोरे, ओलसर. माझ्या सुपातले.
मागे सोरा उभी होती. चिडली नाही. म्हणाली, जन्मभर याने मला पोसलं नाही, आता पोसतोय.
अंगणात ओकले. काही उरलं नाही तरी ओकत राहिले. मग पळाले.

६ जून
क्विरीनोकडे आहे. त्याला सगळं सांगितलं. पोलिसांना आणायला तो होडीने पलीकडे गेलाय. त्याच्या बायकोने मासा तळून दिला — ओकले. पाव — तोही. मला धरून म्हणाली, घाबरू नकोस बाळा, सुटलीस. जीभ खाजतेय —

दुपार
पोलीस येतील. त्याला नेतील. मातीसकट. मग तिथे काहीच —
शी. मी कसला विचार करतेय.

नंतर
काठाने चालत आले. कुणी ओढून आणलं नाही — लिहून ठेवते, कुणी नाही.
सोराने दार उघडलं. ये पोरी, निवतंय, एवढंच म्हणाली. वाटी समोर आहे. पोट ढवळतंय. तोंडाला पाणी सुटलंय. दोन्ही एकदम —
तळ्यावर होडी दिसतेय. पोचायच्या आत — एकच चमचा — मी फक्त —