घुंगरांतलं मेण

चिक्कडपल्ली, हैदराबाद
मंगळवार, ११ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. रंजनावन्सं यांना,

वासंतीचा सा. नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमच्या दिवाळीच्या चकल्या आजच संपल्या. तुमच्या भावाचा खोकला आहे तसाच आहे. काढा केला की नेमकी त्यांची ऑफिसची वेळ होते. शिल्पाचा कॉम्प्युटरचा कोर्स नीट चाललाय. तुमची लेक माझ्याकडे राहते म्हणून गोड लिहीत नाही, पोर खरंच गुणी आहे.

मी मात्र वैतागलेय. सुया टोचून बोटांची चाळण झालीय. एक पट्टा शिवतेय, कमरेचा, शिल्पासाठी. तिच्या कोर्सच्या वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास निघालाय, तिथं ती जाते. आता एवढं लिहिलंच आहे तर सगळंच सांगते. तो बेली डान्स आहे. अरबी नाच, पोट नि कंबर हलवून करायचा. नाक मुरडून झालं की पुढे वाचा.

मला वाटलं, पट्टा म्हणजे आपला कंबरपट्टा. नवरीला घालतो तसं बेंबीच्या वर माप घेतलं. लाल मखमल, आत कडक बकरम, बेगम बाजारातून नाण्यांसारखे पितळी शिक्के नि मोती. पोरगी म्हणते, "मामी, अजून खाली." मी खाली सरकवला. "अजून खाली." आता किती खाली जायचं माणसानं! आणि तिथं तो पुरेचना. सगळा उसवला.

दुसरा केला तो असा सुबक, की तुमच्या आईंनीसुद्धा नावं ठेवली नसती. एकेक शिक्का वरून नि खालून टाके घालून पक्का बसवला. शिल्पाच्या नाचाच्या बाई, भाग्यलक्ष्मी, दुबईला राहून आल्यात. त्यांनी पट्टा हातात घेऊन हलवला नि म्हणाल्या, "आंटी, काम तो एक नंबर है. पन ये बजताइच नै!" शिक्के मोकळे लोंबायला हवेत, एकमेकांवर आपटायला हवेत म्हणे. मला ते सुचलंच नाही. आपल्या घरात वाजेल असं काही कुणी कधी शिवलंय का? पुन्हा उसवणं, पुन्हा टाके. यांनी विचारलं, "हा काय उद्योग मांडलाय?" मी म्हटलं, "उत्तर हवंय की चहा?" त्यांनी चहा घेतला.

शनिवारी शेजारच्या रेड्डींकडे तुमचा फोन आला. येत्या रविवारी मुलाकडचे बघायला येणार, शिल्पाला शुक्रवारच्या गाडीनं सोलापूरला पाठवा. यांनी लगेच नामपल्ली स्टेशनवर जाऊन तिकीट आणलं. त्याच रविवारी संध्याकाळी तिचा नाचाचा कार्यक्रम आहे, हे तिनं तुम्हाला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. तिनं मुकाट्यानं बॅग भरली नि मला म्हणाली, "मामी, पट्टा दुसऱ्या कुणाला बसेल असा करून दे ना. वाया नको जायला."

वन्सं, ती रडली असती, भांडली असती, तर मी समजूत घालून तिला गाडीत बसवलं असतं. पण तिचं ते शहाण्यासारखं वागणं मला बघवेना. असा राग आला! आणि मी एवढे डोळे फोडले ते काय दुसऱ्या कुणासाठी? काल यांना तिकीट परत करायला लावलं.

तर शिल्पा शुक्रवारी येत नाही. मुलाकडच्यांना पुढचा रविवार सांगा, नाहीच जमलं तर खापर माझ्या डोक्यावर फोडा. फोन करायला एसटीडीच्या बूथपर्यंत गेले होते, तशीच परत आले. फोनवर तुम्ही बोलता नि मी ऐकते.

अजून एक राहिलंय, तेच लिहायला हात धजत नाही. ते पितळी शिक्के मोकळे केले, तरी डब्यात खिळे हलवल्यासारखे वाजत होते. म्हणून मी कपाटातून तुमचे पैंजण काढले. न विचारता. लग्नानंतर तुम्ही इथेच ठेवून गेलात ते. तुमचं चालणं बैठकीत ऐकू जाऊ नये म्हणून आईंनी एकेका घुंगरात मेण भरलं होतं. तुम्हीच मला सांगितलं होतंत, हसत हसत. मी ते कढत पाण्यात टाकले. मेण वर तरंगून आलं, चमच्यानं काढून टाकलं. घुंगरं पट्ट्याच्या खालच्या काठाला शिवलीत.

आज सकाळी शिल्पानं तो बांधून बघितला. मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला नि मला रडूच आलं, पोळी करपली. घुंगरं कुणाची, ते तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा.

पैंजण आता परत मिळायचे नाहीत. त्यावरून भांडायचं असेल तर जरूर या. शनिवारी निघालात तरी पोचाल. फक्त रविवारी संध्याकाळी आधी ऐका, मग भांडा.

तुमची वाट बघणारी,
वासंती