त्रिएस्तेत मी, एकटाच आणि मजेत

शनिवार, ७ सप्टेंबर. ट्रेनमध्ये, सकाळी ९.१०

ग्राझ मागे पडलं. शेवटी एकदाचं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिला एकट्याचा प्रवास. इटलीतलं त्रिएस्ते, आठ रात्री. समुद्र, वही आणि मी.

एकतीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. एकतीस वर्षं शेजारच्या सीटवर कोणीतरी घामाघूम होऊन बसलेलं. मला माणसांचा कंटाळा आला आहे. हे मी बायकोला, रोझविथाला, जेवताना सांगितलं तर ती म्हणाली, तू बाथरूममध्ये गेलास तरी दाराआडून माझ्याशी बोलत असतोस, एकटा चार दिवससुद्धा राहणार नाहीस. मी म्हटलं, आठ राहीन. ती म्हणाली, राहा.

इतक्या चटकन म्हणेल असं वाटलं नव्हतं. बॅगही तिनेच भरली.

नियम. एक: आधी फोन तिने करायचा, मी नाही. दोन: अनोळखी लोकांशी उगाच बोलायचं नाही. तीन: रोज दोन तास चिंतन.

९.५०

समोरच्या बाईंनी विचारलं, खिडकी उघडू का. हो म्हटलं. मग घाटात उतरताना गाडी कुठल्या गिअरमध्ये ठेवावी ते त्यांना थोडक्यात सांगितलं. त्या दुसऱ्या डब्यात जाऊन बसल्या. त्यांच्याकडे गाडीच नाही म्हणे.

नियम दोन त्रिएस्तेला पोचल्यापासून लागू.

रविवार, ८ सप्टेंबर

खोली छान. दोन उशा, दोन टॉवेल, दोन कप. मालकीणबाईंनी किल्ली देताना माझ्या मागे बघितलं, अजून कोणी येतंय का ते. मी एकटाच आहे हे त्यांना अभिमानाने सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. ज्या सुरात माणूस आजारी माणसाला बरं म्हणतो, त्या सुरात.

दोन्ही उशा वापरल्या.

चिंतन: अकरा मिनिटं. पहिल्या दिवसाच्या मानाने चांगलं.

दुपारी बंदरामागच्या एका खानावळीत गेलो. बसलो तोच वेटरने समोरची प्लेट उचलली. मग ग्लास. मग सुरी, काटा, नॅपकिन. एकेक. त्याचा किती आवाज होतो ते आधी कधी लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या लहान मुलीनेही वळून बघितलं. तेव्हा मी वेटरला सांगितलं, राहू द्या, बायको येतेय.

हे खोटं नाही. ती कधी ना कधी त्रिएस्तेला येईलच.

प्लेट परत आली. सार्डिन मासे खाल्ले. मधूनमधून घड्याळ बघावं लागलं, नाहीतर वेटरला संशय आला असता. शेवटी त्याने अक्रोडाचा केक आणून ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. जाताना खांद्यावर हात ठेवला. इटालियन लोक मनाने मोठे. एकटं फिरण्याचा हाच फायदा, स्थानिकांशी थेट संबंध येतो.

रोझविथाचा फोन नाही. आज रविवार, तिची चर्चची गडबड असणार.

सोमवार, ९ सप्टेंबर

रोझविथा चर्चला जात नाही हे सकाळी आठवलं.

फोन नाही. फोन बिघडलाय का हे बघण्यासाठी मालकीणबाईंना विनंती केली की मला एक फोन लावून बघा. वाजला. त्या खालच्या मजल्यावरून बोलत होत्या, मी वरच्या. मी म्हटलं, हॅलो. त्या म्हणाल्या, हॅलो. मी म्हटलं, हवा चांगली आहे. त्या म्हणाल्या, कालही होती.

आजचं एकूण संभाषण तेवढंच. पण दर्जेदार.

चिंतन: बाकावर बसलो. समोर एक माणूस गाडी पार्क करत होता. तीनदा मागे-पुढे. मी उठून हाताने खुणा करून त्याला नीट आत घेतलं. तो काच खाली करून म्हणाला की तो बाहेर निघत होता.

मंगळवार, १० सप्टेंबर

केस कापून घेतले. निघायच्या आदल्या दिवशी ग्राझला कापले होते, पण इथल्या हवेत केस झपाट्याने वाढतात.

न्हाव्याने माझं डोकं सगळ्या बाजूंनी बघितलं आणि विचारलं, काय कापू. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा, घाई नाही. सुमारे तासभर बसलो. इटालियनमध्ये बोललो. फोनवर तीन महिने रोज शिकलोय, त्यामुळे प्रवाही बोलतो. त्याने जर्मनमध्ये उत्तरं दिली, पण ते त्याच्या सरावासाठी. मी त्याला रोझविथाबद्दल सांगितलं. ती ग्रंथालयात काम करते, तिला कोथिंबीर आवडत नाही, तिचा फोन आला नाही तरी मला काही फरक पडत नाही. तो म्हणाला, कानावरचे काढू का. काढा म्हटलं. दाढीही करून घेतली.

दुपारी १.१५

एक गोष्ट केली. फोन म्हणता येणार नाही.

घरी आमचा जुना फोन आहे, मेसेज रेकॉर्ड करणारा. रोझविथा अडीचपर्यंत ग्रंथालयात असते. म्हणजे या वेळी घरी फोन लावला तर घरी कोणी नसतं. कोणी नसताना केलेला फोन म्हणजे फोन नव्हे. नियम एक शाबूत.

मशीनवरचा तिचा आवाज ऐकावा एवढंच होतं. चार वेळा वाजलं, मग खट्, आणि माझाच आवाज. "नमस्कार, आम्ही सध्या घरी नाही." वर्षभरापूर्वी मीच रेकॉर्ड केला होता. आवाज भारदस्त आहे. आम्ही, असं म्हणतो तो. आम्ही घरी नाही.

पीप वाजल्यावर गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायची आठवण केली. मग खानावळ, केक, न्हावी. मशीन मधेच बंद पडलं. पुन्हा लावून वाक्य पूर्ण केलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

झाडांच्या संदर्भात मशीनवर आणखी तीन मेसेज.

एकांताचा अतिरेकही बरा नाही, म्हणून बसने समुद्राकाठच्या किल्ल्यावर गेलो. तिथे आमच्याच ऑस्ट्रियातल्या लिन्झहून आलेला पेन्शनरांचा ग्रुप होता. गाईड बाई चांगलं समजावत होत्या, मी दोन पावलं मागून ऐकत होतो. मग एक पाऊल. एका आजोबांनी मला गोळी दिली, लिंबाची. दुसऱ्या आजींनी मला हेल्मुट म्हणून हाक मारली आणि त्यांची पर्स धरायला दिली. धरली. इतकं साधं काम, पण दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

बागेतून बाहेर पडताना गाईडने माणसं मोजली. एकतीस हवी होती, बत्तीस भरली. पुन्हा मोजली. बत्तीस. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मीही मोजायला मदत केली. माझेही बत्तीसच भरले.

मग खऱ्या हेल्मुटला आजींनी ओळखलं.

कोणी रागावलं नाही. गाईड बाईंनी विचारलं, तुमचा ग्रुप कुठला. मी सांगितलं, मी ग्रुपने फिरत नाही, मला गर्दी सोसत नाही. मग पर्स परत केली.

बस एक तासाने होती.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आजपासून कडक एकांत. समुद्रावर जाऊन कोणाशीही न बोलता पोहायचं.

गावात एक जुना स्नानाचा किनारा आहे. मधे उंच पांढरी भिंत. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पलीकडून बायकांचं बोलणं, हसणं सगळं ऐकू येतं, पण आपल्याशी कोणी बोलत नाही. एकदम घरच्यासारखं वाटलं.

टॉवेल पसरतोय तोच एका म्हाताऱ्याने हाक मारली. नेरेओ. वय अठ्ठ्याहत्तर, पोट तांबूस, चड्डी निळी. त्याने बारा वर्षं ग्राझच्या टायरच्या कारखान्यात काढली, जर्मन माझ्यापेक्षा शिवराळ. त्याच्याबरोबर स्तेलिओ आणि द्रागो, दोघंही त्याच वयाचे, तिघंही पत्ते मांडून अडलेले. त्यांचा चौथा भिडू तुल्लिओ हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता.

नेरेओ म्हणाला, "पत्ते हातात धरता येतात ना? मग बसा. हुशारीची गरज नाही, तुल्लिओकडेही नव्हती."

मी स्पष्ट सांगितलं की मी इथे एकांतासाठी आलोय. तो म्हणाला, इथे चौघं बसून तासन्‌तास बोलत नाहीत, याहून मोठा एकांत कुठे मिळणार. मुद्दा बरोबर होता. बसलो.

सहा डाव, सहाही हरलो. हुकमाचं पान हातात असून टाकायला विसरलो. नेरेओ मला मास्तर म्हणतो. "मास्तर, ते पान आहे, ब्रेक नाही. असं दाबून ठेवू नका." स्तेलिओ एवढा हसला की त्याला खोकला आला आणि द्रागोने त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

संध्याकाळी परत येताना लक्षात आलं की आज रोझविथाच्या फोनची वाटच बघितली नाही. सकाळी सोडून. आणि दुपारी.

एकांत भंगला याचं वाईट वाटतं. पण लोक इतके मागे लागतात.

शुक्रवार, १३ सप्टेंबर. दुपारी ३

सकाळी साडेसातलाच किनाऱ्यावर. ते दहाला येतात. मी चौघांच्या खुर्च्या मांडून ठेवल्या.

नऊ डाव. एक जिंकला. द्रागो चारच वाक्यं बोलला, त्यातलं एक माझ्याबद्दल होतं. म्हणाला, हा शिकतोय.

मी विचार करून ठेवलाय. त्रिएस्तेतच राहायचं. दोन खोल्या, समुद्राजवळ. गाडी शिकवण्याचं काम इथेही आहे, किंबहुना इथे त्याची फार गरज आहे. रोझविथाला हवं तर येईल. मी इथल्या लोकांना आवडतो.

दुपारी ४

हा निर्णय मशीनवर नोंदवून ठेवावा म्हणून घरी फोन लावला. दोनदा वाजला आणि रोझविथाने उचलला.

मी म्हटलं, तू घरी कशी? ग्रंथालय अडीचला सुटतं आणि आता चार वाजलेत, हे तिने सांगितल्यावर पटलं. पण नंतर म्हणाली की तसंही तिने आठवडाभर रजा घेतलीय.

"म्हणजे तू रोज घरीच होतीस? मशीन वाजत होतं तेव्हा?"

"शेजारीच बसले होते. कॉफी पीत."

"मग उचलला का नाहीस?"

"तू थांबतच नव्हतास, अलोइस."

मी नेरेओबद्दल सांगितलं. जिंकलेला डाव सांगितला. खोल्यांचं अजून सांगितलं नाही, ती घाबरली असती. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुला एकटं वाटतंय का?"

मी म्हटलं, अजिबात नाही, उलट इथे माणसंच फार आहेत.

ती म्हणाली, "मला वाटलं. पहिले दोन दिवस. घर इतकं शांत की फ्रिजचा आवाज यायला लागला. मग तिसऱ्या दिवशी त्या शांततेत बसून एक अख्खं पुस्तक वाचलं. आणि खरं सांगू, मला ते आवडलं रे."

खिडकीबाहेर एक स्कूटरवाला सिग्नल न देता वळला. मी त्याचा नंबरसुद्धा बघितला नाही.

मग मी सहज म्हटलं, हवा बिघडतेय, उद्याच निघून येऊ का. ती म्हणाली की त्रिएस्तेची हवा तिने फोनवर बघितली, छान ऊन आहे. आणि उद्या तिच्या मैत्रिणी राहायला येणार आहेत, माझ्या पलंगावर गेर्लिंडे झोपणार. तेव्हा ठरल्याप्रमाणे रविवारीच यावं. फोन ठेवताना म्हणाली, "रविवारी स्टेशनवर येते मी. सगळं सांग मला. पण गाडीत बसल्यावर लगेच नको, घरी पोचल्यावर."

ती स्टेशनवर येणार आहे, हे महत्त्वाचं. माझ्याशिवाय करमत नाही तिला.

चिंतन: आज पहिल्यांदा पूर्ण दोन तास. कशाचं ते लिहीत नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर. संध्याकाळ

शेवटचा दिवस. निरोपाचा म्हणून मिठाईच्या दुकानातून मोठा अक्रोडाचा केक घेतला आणि इटालियनमध्ये छोटं भाषण पाठ केलं. मित्रहो, अशी सुरुवात.

किनाऱ्यावर पोचलो तर माझ्या खुर्चीवर एक किडकिडीत म्हातारा, पोटाला पट्टा बांधलेला. तुल्लिओ. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, म्हणून पत्ते खेळायला आला. स्तेलिओ त्याच्या गालाचे मुके घेत होता. द्रागोसुद्धा बोलत होता, सलग.

नेरेओने मला बघितलं आणि मग हातातला केक बघितला. "बघ तुल्लिओ, मास्तरांनी तुझ्यासाठी केक आणलाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुल्लिओच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ओळख नसताना इतकं कोण करतं असं काहीतरी म्हणाला. अशा वेळी भाषण करणं बरं दिसलं नसतं.

मी त्यांच्या मागे, जरा तिरका बसलो. खेळ समजून घ्यायला ती जागा सर्वांत उत्तम. चौघांचीही पानं दिसतात. तुल्लिओ माझ्याहून वाईट खेळतो. हे मी कोणाला सांगितलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला एक उंच डच माणूस आला. लालबुंद खांदे, काखेत टॉवेल, हातात गाईडबुक. उभा राहून इकडेतिकडे बघत होता. जागा भरपूर होती, पण तो माझ्याजवळच आला आणि मला विचारलं, तुम्हीही एकटेच आलात का.

मी म्हटलं, नाही. मी यांच्याबरोबर आहे.

तो म्हणाला, नशीबवान आहात, आणि भिंतीच्या सावलीत जाऊन एकटा बसला. मला त्याची दया आली. माणसाने इतकं एकटं फिरू नये.

नेरेओने ऐकलं असावं. हातातली पानं खाली न ठेवता, न वळता म्हणाला, "मास्तर, आमच्याबरोबर आहात ना? मग वर जाऊन कॉफी घेऊन या. चार."

ताबडतोब उठलो. रांगेत उभा राहिलो, चार म्हणून सांगितलं, ट्रे न सांडता पायऱ्या उतरलो. नेरेओ, स्तेलिओ, द्रागो, तुल्लिओ. प्रत्येकाने न बघता कप उचलला, आणि ट्रे रिकामा झाला.

मला तसंही दुपारनंतर कॉफी सोसत नाही.