हजेरीतली सतरा नंबर

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
आज मुखवटा झाला. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ केली आणि चेहऱ्यावर ताणली — ओल्या टॉवेलासारखी उबदार! थोड्या वेळात कडक. मशीनवाला म्हणाला, "काकू, हा आता फक्त तुमचाच."
आठ वर्षांपूर्वी स्तन काढला तेव्हा वाटलं, सुटले. आता तोच कॅन्सर मेंदूत. चार ठिपके. दहा दिवस किरण. डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "ठिपके आवरतील. पण थोडं विस्मरण होऊ शकतं."
थोडं म्हणजे नक्की कुठलं?

सोमवार, ४ नोव्हेंबर
मुखवटा टेबलाला खटाखट अडकवला. पापणीही हलेना. घाबरून मनात काय म्हणावं — तर कॉन्व्हेंटची हजेरी! चौथी ब. उंचीप्रमाणे नंबर. एक, शेंगदाणा. दोन, चिमणी — आमची मॉनिटर, अजूनही फोनवर रागावते. शेवटची चाळीस, शिडी. सगळ्या आल्या!
ठरवलं, रोज म्हणायची. एक जरी मुलगी हरवली तर किरण बंद. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "चाळीस पोरींच्या नादात मला विसरू नकोस म्हणजे झालं."

बुधवार, ६
मेंदूच्या सुजेवरच्या गोळ्यांनी नुसती भूक! ह्यांनी बिस्किटांचा डबा कपाटावर लपवलाय. मला दिसतोय.

शुक्रवार, ८
नुसते नंबर येत नाहीत, अख्खी रांग येते. बुटांच्या पॉलिशचा वास, इस्त्रीच्या रिबिनी. सिस्टर पट्टी आपटायच्या, पण कुणी रडलं की त्याच हाताने झग्याच्या खिशातून पेपरमिंट काढायच्या. ती गोळी खिशातल्या खडूची चव घेऊन यायची. आजही जिभेवर आली — मुखवट्याखाली!

मंगळवार, १२
सोळा. अठरा.
पुन्हा म्हटलं. सोळा. अठरा. सोळाच्या मानेवरचा तीळ दिसतो. अठरा मागून वेणी ओढायची, ती कळसुद्धा आठवते. मधे कोणीच नाही.
"काकू, डोळ्यांत पाणी? मुखवटा घट्ट होतोय का?"
हो म्हटलं.

बुधवार, १३
गेले नाही. हे गाडीची किल्ली घेऊन दारात उभे. "तीनच तर राहिले," म्हणाले.
"काल सतरा नंबर गेली. उद्या तुम्ही जाल. नको मला."
हे खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिले. किती वेळ लावला त्या दोन गाठींना!

गुरुवार, १४
चिमणीला फोन केला. "सतरा कोण गं आपल्यात?"
आधी हसली. मग हळूच — "तीळवालीच्या मागे कोण उभं असायचं? वेणी कुणाची ओढायची ती? अगं वेडे, सतरा तू."
म्हणजे मैत्रिणी सगळ्या जागेवर आहेत.
ह्यांना म्हटलं, बूट घाला.