अठरा तासांचं अंतर

प्रिय ठमे,

कितीही मोठी झालीस तरी मी ठमीच म्हणणार, राग आला तर खुशाल येऊ दे. इकडे सगळं ठीक. तुझी आई गुडघ्यांना तेल चोळते आणि चोळता चोळता मला बोल लावते, म्हणजे तब्येत उत्तम. डेपोतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं, पण परवा स्टँडवर नवीन वेळापत्रक पाहिलं तर दोन बस एकाच फलाटावर, एकाच वेळी! आत जाऊन सांगून आलो. सगळे हसले. जित्याची खोड, दुसरं काय.

त्याच खोडीपायी चार वर्षांपूर्वी टेबलावर पडलेलं तुझं तिकीट मी वाचलं होतं. छापलेल्या वेळा दिसल्या की मी वाचणारच. थेट विमान, तीन हजार नऊशे किलोमीटर, घड्याळांतला फरक वजा जाता पाच तास दहा मिनिटं. आणि त्याच संध्याकाळी तू आईला सांगितलंस की अठरा तास लागतात, दोनदा विमान बदलावं लागतं, सारखं येणं जमायचं नाही. मी शेजारीच वाटाणे सोलत होतो. तेहतीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावलेल्या बापासमोर असली थाप मारायची म्हणजे कमालच! पण आईने विचारल्यावर मीही म्हणालो, अठरा तर लागणारच.

एवढा प्रवास पोरीने करायचा कसा, म्हणून आई तुला कधी 'ये' म्हणाली नाही. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच शहरात गेल्या. सकाळी निरोप घेऊन निघाल्या आणि संध्याकाळच्या चहाला त्यांचा पोचल्याचा फोन. आईने कप विसळले आणि विचारलं, पोरीने अंतर का वाढवलं, आणि तुम्ही हो का म्हणालात? मी कप पुसायला घेतले.

उत्तर आज सकाळी दिलं. तू ठरलेलं लग्न मोडून नोकरीसाठी निघालीस, तेव्हा जिन्यात मी म्हणालो होतो की हे घर म्हणजे बसस्टँड नाही, वाटेल तेव्हा यायला-जायला. जिन्यातलं ते बोलणं आईला ठाऊकच नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, ती रडली. तू खोटं बोललीस ते माझी अब्रू राखायला, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी मात्र त्या खोट्याआड चार वर्षं लपून बसलो. चुकलो मी. 'ये' म्हणायला मला तोंड नाही, म्हणून विचारतो, आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ का? मी नको असेन तर तसं कळव, आईला विमानात बसवून देईन आणि तिथूनच परत फिरेन. पण मला यायचंय गं.

तुझाच,
बाबा