मुका थर

भवानी पेठ, सोलापूर
१८ फेब्रुवारी १९७४

प्रिय पद्मा,

तुझं पत्र आठवड्यापूर्वीच पोचलं. येत्या सोमवारी अहवालावर तुझी सही होणार, हे तुझ्या आईने दोनदा वाचून घेतलं आणि शेजारी यशोदाकाकूंना सांगून आली, की नदीवर विजेचं घर बांधायचं की नाही ते आता आमची पद्मा ठरवणार. मी हसलो, पण जेवण अर्धं टाकून उठलो.

दुकानात बसून लिहितोय. माझी सवय तुला ठाऊकच आहे. फरशी उभी करायची, हातोडीने हलकेच ठोकायची आणि कान द्यायचा. टणटणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर आत चीर. वळसंगहून अनवाणी आलेल्या माणसाला या दोन कानांनीच दुकान काढून दिलं. तुझे साहेब 'फरशीवाल्याची मुलगी' म्हणून टोमणे मारतात ना, मारू देत. तू अभ्यासासाठी मागितलेले दगडाचे थर म्हणूनच मी कुणावर सोपवले नाहीत. शहाबादकडच्या खाणीत स्वतः उभा राहिलो आणि वरून खाली एकेक काढून घेतला, गेरूने एक ते एक्केचाळीस आकडे घालून. कोट्यवधी वर्षांमागच्या गाळात कोरडे काळ एकेकटे यायचे की झुंडीने, ते तुला बघायचं होतं. पाणी किती काळ रुसू शकतं याचा अंदाज आल्याशिवाय विजेच्या घराचा भरवसा कसा द्यायचा, असं तूच लिहिलं होतंस.

सव्वीस नंबर निघाला आणि खाणवाले हात झाडून वर चढले. मुकादम वीरभद्रप्पा तेवढा राहिला. म्हणाला, "सावकार, ह्याच्या खाली मुका थर हाय. त्याला आकडा घालत न्हाईत. फोडायचा अन् जुन्या खड्ड्यात लोटायचा. आमच्या आज्यापासनं असंच हाय की." मी म्हटलं, माझ्यापुढे मुका राहील असा दगड अजून जन्मायचाय. हातोडी घातली. पद्मा, आवाज आला नाही. बद्दसुद्धा नाही. कपचा उडाला, मनगटाला झिणझिण्या आल्या, आणि आवाज नाही. वर झाडावर चिमण्यांचा कालवा होता, तोही थांबला. वीरभद्रप्पाचे ओठ नुसते हलत होते. वर आलो तेव्हा त्याचे शब्द कानी पडले. तो म्हणत होता, "ऐकलं न्हवं?"

त्याला दोन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात भीमेच्या कोरड्या पात्रातून चाललो होतो, भर दुपारी. भेगाळलेल्या गाळावर काठी टेकली आणि तेच झालं. मागची बैलगाडी अंगावर येईस्तोवर कळली नाही. डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, महिपतराव, तरण्या माणसाचे आहेत.

तुझं पत्र आल्यावर पुन्हा खाणीत गेलो. जुन्या खड्ड्यातून त्या थराचा एक तुकडा उकरून आणला आणि छिन्नीने पापुद्रे सोडवले. भेगा, त्यांच्याखाली भेगा, पुन्हा भेगा. अकरा मोजले. इतर फरशांवर पाण्याची लहर उमटलेली असते, तशी इथे एकदाही नाही. सातव्या पापुद्र्यावर पावसाच्या थेंबांचे वण आहेत. नऊच थेंब. आले आणि थांबले. तुकडा समोर ठेवून लिहितोय, आणि माझ्या टाकाची करकर मला ऐकू येत नाहीये.

तू लिहिलं आहेस, की सलग एक्केचाळीस थरांत लांबलेला कोरडा काळ कुठेच नाही. सलग नव्हते, पोरी. सव्वीस आणि सत्तावीसच्या मधला वीतभर थर मी गाळला. असली अभद्र वस्तू लेकीच्या हाती कशाला द्यायची, एवढंच मनात आलं आणि मी पुढचा आकडा घातला. तुला विचारलं नाही. सोमवारी सही करू नकोस. हे पत्र साहेबांपुढे ठेव, फरशीवाल्या बापाने थर लपवला असं स्वच्छ लिही, माझं पूर्ण नाव घाल. तुझ्या दोन वर्षांच्या कामाचं काय होईल, ते कळतंय मला. तुकडा पेटीत घालून मी शुक्रवारच्या गाडीने निघतोय. तू रागावणारच. फक्त एक कर. पेटी फलाटावर ठेवून आपण दोघं लांब जाऊ, आणि मग काय बोलायचं ते बोल. तुझा शब्द न् शब्द मला ऐकायचाय.

तुझाच,
आप्पा